पाठ ताठ केली की मनही सावरतं? शरीराची ठेवण आणि भावना यांच्या नात्याबद्दल विज्ञान काय सांगतं

मुलाखतीसाठी आत बोलावण्याआधी दोन मिनिटं कुठेतरी आडोशाला जायचं, दोन्ही हात कमरेवर ठेवायचे, छाती पुढे काढून उभं राहायचं, की आत्मविश्वास आपोआप येतो. असा सल्ला देणारी रील जवळपास प्रत्येकाच्या फीडमध्ये कधी ना कधी येऊन जाते. सोबत ‘हार्वर्डने सिद्ध केलंय’, ‘शरीरातली हार्मोन्स बदलतात’ अशी जोडही असते. या सल्ल्यातला थोडा भाग खरा आहे. पण हार्मोन्सचा भाग फेरतपासणीत टिकलेला नाही. शिवाय ज्या संशोधनाचा दाखला दिला जातो, त्याच्या पहिल्या लेखिकेनेच या परिणामावर आपला विश्वास उरला नसल्याचं २०१६ मध्ये जाहीर केलं आहे.

शरीराची ठेवण, म्हणजेच पोश्चर, यात मान, खांदे, पाठ, कंबर, हात आणि पाय एका वेळी कसे ठेवलेले आहेत हे सगळं येतं. भावनांशी तिचं नातं तपासताना दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. भावना बदलली की शरीर बदलतं का? आणि शरीर बदललं की भावना बदलते का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठाम ‘हो’ आहे. दुसऱ्याचं उत्तर ‘हो, पण थोडीशी’ असं आहे. सोशल मीडियावर हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले जातात आणि पहिल्याच्या भक्कम पुराव्यावर दुसऱ्याची आश्वासनं विकली जातात.

भावना अंगावर कशी दिसते?

हे नातं भाषेला कधीपासून ठाऊक आहे. परीक्षेत पहिला आलेल्या मुलाच्या बापाची छाती फुगते, मुलाने चोरी केली तर त्याच बापाला मान खाली घालावी लागते. वाईट बातमी ऐकून हातपाय गळतात, लाचार माणसाला कणा नसतो, आणि लढायचं असेल तर कुस्तीच्या फडात शड्डू ठोकला जातो. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त तर डोक्याच्या हालचालींचेच १३ प्रकार सांगितले आहेत. शरीराच्या हालचालींतून भाव दाखवण्याच्या अभिनयाला तिथे ‘आंगिक’ असं स्वतंत्र नाव आहे.

आधुनिक विज्ञानात या विषयाची पायाभरणी चार्ल्स डार्विनने केली. माणूस आणि प्राणी भावना कशा व्यक्त करतात यावरचं त्याचं पुस्तक १८७२ मध्ये आलं. त्यात कुत्र्याचं उदाहरण आहे. हल्ल्याच्या तयारीतला कुत्रा ताठ उभा राहतो, शेपटी वर, अंगावरचे केस उभे. तोच कुत्रा मालकाला ओळखतो तेव्हा अंग खाली झुकवतो, शेपटी हलवतो, कान मागे पाडतो. विरुद्ध भावना, म्हणून शरीराची ठेवणही नेमकी विरुद्ध, असं डार्विनचं म्हणणं होतं.

मग हे सगळं माणूस बघून बघून शिकतो, की ते जन्मजात असतं? याचा सर्वांत देखणा पुरावा ज्युदोच्या मॅटवरून आला. जेसिका ट्रेसी आणि डेव्हिड मात्सुमोतो या मानसशास्त्रज्ञांनी २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिकमधल्या ज्युदो खेळाडूंचे सामना संपल्यानंतरचे फोटो तपासले. जिंकलेल्यांचे हात वर गेलेले, छाती फुगलेली, डोकं मागे झुकलेलं. हरलेल्यांचे खांदे पडलेले, छाती आत गेलेली. पॅरालिम्पिकमधले काही खेळाडू जन्मापासून अंध होते. विजयी माणूस कसा उभा राहतो हे त्यांनी आयुष्यात एकदाही पाहिलेलं नव्हतं, तरी जिंकल्यावर त्यांचं शरीर तसंच फुललं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आणखी एक बारकावा आहे. हरल्यावर खांदे पाडण्याचं प्रमाण व्यक्तिवादी पाश्चात्त्य देशांतल्या डोळस खेळाडूंमध्ये कमी दिसलं, जन्मांध खेळाडूंमध्ये मात्र ते दिसत होतं. म्हणजे शरमेची ठेवण उपजतच असावी. ती लपवायला मात्र काही समाज शिकवतात.

चेहरा खोटं बोलतो, शरीर बोलत नाही, असं सर्रास म्हटलं जातं. ते सरसकट खरं नाही. मात्र भावना अगदी टोकाला पोचते तेव्हा चेहऱ्यापेक्षा शरीर जास्त सांगतं, याचा पुरावा आहे. २०१२ मध्ये हिलेल अवीझर आणि सहकाऱ्यांनी व्यावसायिक टेनिसपटूंचे, महत्त्वाचा गुण जिंकल्याच्या किंवा गमावल्याच्या क्षणाचे फोटो लोकांना दाखवले. फक्त चेहरा दाखवल्यावर, हा जिंकलाय की हरलाय, हे लोकांना सांगता येईना. चेहरा झाकून फक्त शरीर दाखवलं, तर सहज ओळखता आलं. जिंकलेल्याचा चेहरा हरलेल्याच्या धडावर चिकटवला, तर लोकांनी कौल धडाप्रमाणे दिला. गंमत म्हणजे पूर्ण फोटो पाहणाऱ्यांना विचारलं, तर त्यांना वाटत होतं की त्यांनी चेहऱ्यावरूनच ओळखलं.

शरीराला तर चेहराच काय, हाडामांसाचीही गरज नसते. स्वीडिश संशोधक गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये चालणाऱ्या माणसाच्या सांध्यांवर छोटे दिवे लावले आणि अंधारात फक्त ते ठिपके दाखवले. ठिपके स्थिर असताना काहीच कळत नसे. हलू लागले की क्षणात ‘माणूस चालतोय’ हे ओळखू येई. पुढच्या संशोधकांनी याच युक्तीने दाखवलं की अशा मूठभर ठिपक्यांवरून राग, दुःख, आनंद हेसुद्धा बऱ्यापैकी ओळखता येतं.

भीतीची कथा जरा वेगळी आहे. घाबरलेला माणूस पळतो किंवा लढतो, असं सगळ्यांना ठाऊक असतं. त्याआधीचा टप्पा मात्र विसरला जातो. तो म्हणजे थिजणं. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी लोकांना शरीराचा डोल मोजणाऱ्या फळीवर उभं केलं आणि रागीट चेहऱ्यांचे फोटो दाखवले. माणूस स्थिर उभा असला तरी त्याचं शरीर अगदी सूक्ष्म डोलत असतं. रागीट चेहरा दिसताच तो डोल कमी झाला आणि हृदयाचे ठोकेही मंदावले. २०१० मधला हा अभ्यास महत्त्वाचा आहे, कारण अत्याचाराच्या प्रसंगी ‘प्रतिकार का केला नाही?’, ‘ओरडली का नाही?’ असे प्रश्न विचारले जातात. धोका समोर दिसल्यावर शरीर गोठणं ही अनेक सस्तन प्राण्यांमध्ये दिसणारी प्रतिक्रिया आहे. ती ठरवून केलेली नसते आणि ती संमतीही नसते.

नैराश्याची चाल

डिप्रेशन म्हणजे नुसती उदासी नाही, हे आता बऱ्याच लोकांना माहीत झालं आहे. ते चालण्यातही उतरतं, हे तितकंसं माहीत नाही. जर्मनीत योहानेस मिखालाक आणि सहकाऱ्यांनी नैराश्याच्या रुग्णांची चाल मोजली. त्यांचा वेग कमी होता, हात कमी हलत होते, चालताना डोकं नेहमीसारखं वरखाली होत नव्हतं. पाठीला पोक होतं आणि शरीर डावीउजवीकडे जास्त झुलत होतं. निरोगी लोकांना उदास संगीत ऐकवून चालायला लावलं, तर त्यांच्या चालीतही यासारखे बदल दिसले.

घरात एखादं माणूस असं चालू लागलं की ‘काय ढिम्मासारखा चालतोय’, ‘जरा ताठ बस की’ असं ऐकवलं जातं. हालचाली मंदावणं हे नैराश्याच्या वैद्यकीय निदानात धरलं जाणारं एक लक्षण आहे. टोमण्याने ते सरळ होत नाही.

उलटा प्रवास: शरीराकडून मनाकडे

आता दुसरा प्रश्न. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८४ मध्ये एक उलटा विचार मांडला. माणूस घाबरतो म्हणून थरथरत नाही, थरथरतो म्हणून त्याला भीती जाणवते. म्हणजे शरीरातला बदल आधी, त्याची जाणीव म्हणजेच भावना. डेन्मार्कच्या कार्ल लांगे यांनीही त्याच सुमारास असंच काही सांगितलं. १९२७ मध्ये वॉल्टर कॅनन यांनी यावर जोरदार टीका केली. ताप, थंडी, राग, भीती या सगळ्यांत शरीरातले बदल खूपसे सारखेच असतात, मग एवढ्यावरून मेंदूला वेगवेगळ्या भावना कशा कळणार, हा त्यांचा सवाल होता. तो अजूनही पुरता निकाली निघालेला नाही.

प्रयोगशाळेत मात्र काही गोष्टी दिसू लागल्या. १९८२ मध्ये जॉन रिस्काइंड आणि कॅरोलिन गोटे यांना आढळलं की काही वेळ पाठ वाकवून बसवलेले लोक न सुटणारी कोडी सोडवताना लवकर हार मानतात. १९९३ मध्ये सॅबिने स्टेपर आणि फ्रिट्झ श्ट्राक यांनी टेबलांची उंची कमीजास्त करून लोकांना नकळत ताठ किंवा वाकून बसवलं आणि ‘तुम्ही चाचणीत छान केलंत’ असं सांगितलं. ताठ बसलेल्यांना जास्त अभिमान वाटला.

आणि मग आला ‘पॉवर पोझ’.

दोन मिनिटांच्या पोझची दहा वर्षं

डेना कार्नी, एमी कडी आणि अँडी यॅप यांचा शोधनिबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४२ जण होते. काहींना ऐसपैस, साहेबी थाटात बसायला-उभं राहायला सांगितलं, काहींना अंग चोरून. दोन पोझ, प्रत्येकी एक मिनिट. त्याआधी आणि नंतर लाळेचे नमुने घेतले. निष्कर्ष असा की ऐसपैस बसलेल्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन वाढलं, ताणाशी संबंधित कॉर्टिसॉल घटलं, त्यांना अधिकाराची भावना जास्त जाणवली आणि छोट्याशा जुगारात त्यांनी जास्त जोखीम घेतली.

रीलमध्ये दिसणारी ती हात कमरेवर ठेवलेली ‘वंडर वुमन’ पोझ या प्रयोगात नव्हतीच. त्यात एक पोझ होती टेबलावर पाय टाकून, हात डोक्यामागे घेऊन रेलण्याची आणि दुसरी टेबलावर हात टेकवून पुढे झुकण्याची. कमरेवरचे हात लोकप्रिय झाले ते कडी यांच्या २०१२ च्या टेड भाषणामुळे. हे भाषण कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं आणि टेडच्या सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या भाषणांमध्ये जाऊन बसलं.

मग फेरतपासणी झाली. २०१५ मध्ये एवा रानेहिल आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग सुमारे २०० जणांवर केला, म्हणजे मूळच्या जवळपास पाचपट लोकांवर. लोकांना अधिकाराची भावना थोडी जास्त वाटली खरी, पण हार्मोन्समध्ये काहीच फरक सापडला नाही. जोखीम घेण्यातही नाही. पुढच्याच वर्षी डेना कार्नी यांनी जाहीर निवेदन काढलं. पॉवर पोझचा परिणाम खरा आहे असं आता वाटत नाही, मूळ अभ्यासातली माणसं फारच थोडी होती आणि आकडेवारीचं विश्लेषण करताना घेतलेली मोकळीक आजच्या कसोटीवर उतरत नाही, असा त्याचा आशय होता. आपल्या सर्वांत गाजलेल्या शोधाबद्दल शास्त्रज्ञाने असं उघडपणे लिहिणं दुर्मीळ आहे. भाषण पाहणाऱ्या कोट्यवधींपैकी किती जणांपर्यंत हे निवेदन पोचलं, याचा अंदाज आजच्या रील्सवरून येतोच.

एमी कडी यांनी मात्र माघार घेतली नाही. हार्मोन्सचा मुद्दा अनिश्चित आहे, पण माणसाला स्वतःबद्दल काय वाटतं यावर ठेवणीचा परिणाम होतो, हा त्यांचा दावा कायम राहिला. या मुद्द्यावर त्या अगदीच चूक नव्हत्या. २०२२ मध्ये रॉबर्ट कर्नर आणि सहकाऱ्यांनी या विषयावरचे १२८ प्रयोग एकत्र तपासले. त्यांत एकूण सुमारे १० हजार लोक होते. ऐसपैस किंवा ताठ ठेवणीमुळे माणसाला स्वतःबद्दल जरा बरं वाटतं, हा परिणाम टिकून राहिला. वागण्यावरचा परिणाम दिसला, पण डळमळीत. हार्मोन्स, हृदयाचे ठोके वगैरे शारीरिक गोष्टींवर परिणाम दिसला नाही.

आणखी एक अडचण पुढे आली, आणि ती फार कमी सांगितली जाते. बहुतेक प्रयोगांमध्ये ताठ बसणाऱ्यांची तुलना अंग चोरून बसणाऱ्यांशी केलेली होती. नेहमीसारखं बसणाऱ्यांचा तिसरा गटच नव्हता. त्यामुळे ताठ बसल्याने बरं वाटतं, की पोक काढून बसल्याने वाईट वाटतं, हे त्यातून ठरवता येत नाही. कदाचित सगळा खेळ दुसऱ्या बाजूचाच असेल.

चेहऱ्याच्या बाबतीतही जवळपास हीच कथा घडली. दातांत पेन धरून हसल्यासारखा चेहरा केला की कार्टून जास्त विनोदी वाटतं, हा १९८८ चा प्रसिद्ध प्रयोग २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी पुन्हा केला आणि परिणाम सापडला नाही. २०२२ मध्ये १९ देशांतल्या ३,८७८ जणांवर झालेल्या अभ्यासात मात्र मुद्दाम हसरा चेहरा केल्यावर आनंद किंचित वाढल्याचं दिसलं. पेनचा मामला संदिग्धच राहिला.

थोडा परिणाम होतो, तो कशामुळे?

न्यूझीलंडमध्ये ७४ जणांवर केलेला २०१५ चा एक प्रयोग इथे उपयोगी आहे. लोकांच्या पाठीला फिजिओथेरपीची चिकटपट्टी लावून त्यांना ताठ किंवा वाकलेल्या स्थितीत बसवलं. हा अभ्यास पट्टीचा आहे, असं त्यांना सांगितलं होतं. मग त्यांना ताण येईल असं भाषण करायला लावलं. ताठ बसलेल्यांचा मूड चांगला राहिला, भीती कमी वाटली. वाकून बसलेल्यांच्या बोलण्यात नकारात्मक शब्द जास्त आले आणि ‘मी, मला, माझं’ही जास्त आलं. स्वतःभोवती फिरत राहणारं बोलणं हे उदास मनाचंही लक्षण असतं.

मिखालाक यांच्याच गटाने २०१५ मध्ये आणखी खुबीदार प्रयोग केला. निरोगी लोक ट्रेडमिलवर चालत होते आणि समोर पडद्यावर एक काटा होता. काटा एका बाजूला न्यायचा, एवढंच त्यांना सांगितलेलं. काट्याची एक बाजू म्हणजे आनंदी चाल आणि दुसरी म्हणजे उदास चाल, याचा त्यांना पत्ता नव्हता. चालताना त्यांना काही चांगले, काही वाईट शब्द ऐकवले. नंतर आठवायला सांगितलं तेव्हा उदास चालीत चाललेल्यांना वाईट शब्द तुलनेने जास्त आठवले. प्रयोग छोटा होता, तरी त्यातून एक शक्यता समोर येते. शरीराची ठेवण थेट भावना निर्माण करत नसेल, पण स्मृतीतून काय वर यायचं ते ती ठरवत असेल.

बाकी कारणं साधी आहेत. पोक काढून बसल्यावर फुप्फुसांना फुलायला जागा कमी मिळते. नजर जमिनीवर राहिली तर समोरचे चेहरे दिसत नाहीत. स्नायू आणि सांधे आपल्या स्थितीची खबर सतत मेंदूला देत असतात, आणि मेंदू ती इतर गोष्टींबरोबर जमेस धरतो. शिवाय ताठ उभ्या माणसाशी लोक वेगळं वागतात, आणि त्या वागण्याचा परिणाम उभं राहणाऱ्यावर होतो. प्रयोगशाळेत एकट्याने केलेल्या पोझपेक्षा हा शेवटचा मार्ग रोजच्या आयुष्यात बराच जोरदार असावा, असं मानायला जागा आहे.

शरीर वाचताना होणारी गफलत

देहबोलीच्या कोर्सेसमध्ये ‘संवादाचा ९३ टक्के भाग शब्दांविना असतो’ हे वाक्य हमखास असतं. ते अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आलं आहे. त्यांत सुटे शब्द आणि ते उच्चारण्याचा सूर किंवा चेहरा यांच्यात विसंगती असली, तर ऐकणारा आवड-नावड कशावरून ठरवतो, एवढंच पाहिलं होतं. सगळ्या संवादाला हे आकडे लागू नाहीत, असं खुद्द मेहराबियन सांगत आले. तरीही वाक्य फिरतंच आहे.

हाताची घडी घातली म्हणजे माणूस काहीतरी लपवतोय, हाही असाच समज. घडी थंडीमुळे असते, खुर्चीला हात नसल्यामुळे असते, सवयीने असते. शाळेत ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ऐकत मोठे झालेल्या समाजात तर ती शिस्तीचीही खूण आहे. वडीलधाऱ्यांसमोर खाली नजर ठेवून, अंग आक्रसून उभं राहणं इथे कित्येक घरांत आदर समजला जातो. तेच कॉर्पोरेट मुलाखतीत ‘आत्मविश्वास कमी’ म्हणून नोंदलं जातं आणि उमेदवाराला कारण कधीच कळत नाही. खोटं पकडण्याच्या बाबतीत तर शेकडो प्रयोगांचा एकत्रित हिशेब २००६ मध्ये मांडला गेला. त्यात लोकांचा अंदाज सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर आला. नाणं उडवलं तरी ५० टक्के येतं.

सर्वांत महागात पडणारी गफलत वैद्यकीय आहे. पार्किन्सन्समध्ये माणूस पुढे वाकतो, पावलं लहान होतात, हात हलेनासे होतात आणि चेहरा निर्विकार दिसतो. घरच्यांना वाटतं, आजोबा रुसलेत किंवा खचलेत. उलट पाठीचं हाड ठिसूळ होऊन आजीला आलेल्या पोकामागे खरं नैराश्यही दडलेलं असू शकतं, आणि ते ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं जातं. पार्किन्सन्स आणि नैराश्य एकत्र असणंही नवलाचं नाही. चाल अचानक किंवा हळूहळू बदलली, तर मूडबद्दल अंदाज बांधत बसण्याऐवजी डॉक्टरांना दाखवणं योग्य.

मग ताठ बसायचं की नाही?

मुलाखतीआधी, भाषणाआधी, परीक्षेच्या हॉलमध्ये ताठ बसून पाहायला हरकत नाही. फुकट आहे, अपाय नाही, आणि थोडं बरं वाटण्याची शक्यता आहे. मात्र दोन मिनिटांची पोझ तयारीची जागा घेत नाही. पाठीचा किंवा मानेचा आजार असेल, तर जबरदस्तीने ताठ राहण्याने दुखणं वाढू शकतं.

नैराश्याच्या बाबतीत आशादायक पण छोटासा पुरावा आहे. सौम्य ते मध्यम लक्षणं असलेल्या ६१ जणांवर न्यूझीलंडमध्येच झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाठ ताठ ठेवल्यावर थकवा कमी झाला आणि मूड थोडा सुधारला. हा परिणाम एका बैठकीपुरता मोजलेला होता. यावरून पोश्चरने डिप्रेशन बरं होतं असं म्हणता येत नाही, आणि त्या संशोधकांनीही तसं म्हटलेलं नाही.

सलग दोन आठवडे बहुतांश वेळ मन उदास राहत असेल, कशातच रस वाटत नसेल, हालचाली मंदावल्या असतील, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला हवं. मरणाचे विचार येत असतील, तर दोन आठवडे थांबूही नये. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतूनही.